शाब्दिक उदाहरणातून संयुक्त असमानता कशी मांडावी? ‘आणि’, ‘किंवा’, ‘पर्यंत’, ‘च्या आत’ यांचा घोळ

पाटी_पेन्सिल | सायं. ७:०५

शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडणे मुलांना नववीपर्यंत बऱ्यापैकी जमून जाते. असमानता आली, त्यातही दोन्ही बाजूंनी बांधलेली, की गाडी अडते. अडते ती मांडणीत. सोडवायला तर सोपीच असते. म्हणून हा धागा फक्त मांडणीवर ठेवू. उदाहरणे आपल्या नागपूरचीच घेऊ. त्यातले दर आणि वजने उदाहरणापुरती धरलेली समजा.

सुरुवात संत्र्यांच्या पेटीपासून.

कळमन्याला पाठवायच्या भरलेल्या पेटीचे वजन १० किलोपेक्षा कमी नसावे आणि १२ किलोपेक्षा जास्त नसावे. रिकामी पेटी दीड किलोची. एक संत्रे सरासरी १५० ग्रॅमचे. पेटीत किती संत्री भरता येतील?

पहिले काम, अक्षर कशासाठी आहे ते पूर्ण वाक्यात लिहायचे: स = एका पेटीतील संत्र्यांची संख्या. नुसते ‘स = संत्री’ लिहिले की पुढच्या ओळीत स कधी संख्या होतो, कधी वजन होतो, आणि मग १५० ने गुणायचे की नाही हेच कळेनासे होते. दुसरे, एकके एकसारखी करायची. किलो आणि ग्रॅम दोन्ही आहेत, तर सगळे ग्रॅममध्ये आणू. तिसरे, ज्याच्यावर मर्यादा घातली आहे ती राशी लिहायची. मर्यादा संत्र्यांवर नाही, भरलेल्या पेटीच्या वजनावर आहे: १५०० + १५०स. चिन्ह अजून लिहायचे नाही. ही राशी नीट झाली की मगच शब्दांकडे वळायचे.

‘कमी नसावे’ म्हणजे ≥, ‘जास्त नसावे’ म्हणजे ≤. म्हणून

१०००० ≤ १५०० + १५०स ≤ १२०००

तिन्ही भागांतून १५०० वजा: ८५०० ≤ १५०स ≤ १०५००
तिन्ही भागांना १५० ने भाग: ५६.६६… ≤ स ≤ ७०

अर्धे संत्रे कोणी भरत नाही, म्हणून ५७ ते ७०. इथे ५६.६६ चे ५७ झाले ते ‘अर्ध्यापेक्षा जास्त उरले’ म्हणून नव्हे. खालची सीमा आहे, म्हणून वर सरकायचे. ५६.१ आले असते तरी ५७ च. वरची सीमा ७०.९ आली असती तर ७० च. ताळा: ५६ संत्र्यांना ९९०० ग्रॅम, चालत नाही. ५७ ला १००५०, चालते. ७० ला बरोबर १२०००.

---

कळमना_कट्टा | सायं. ७:३१

मांडणी बरोबर. पण संत्री डझनाने मोजून भरायची म्हटले तर उत्तर बदलते, तेही सांगायला पाहिजे. ड = डझनांची संख्या धरा, स = १२ड.

५६.६६… ≤ १२ड ≤ ७०, म्हणजे ४.७२ ≤ ड ≤ ५.८३ (दोन दशांशांपर्यंत). ड पूर्ण संख्या, म्हणून फक्त ५. साठ संत्री, वजन साडेदहा किलो.

आणि वरची मर्यादा १२ च्या जागी १०.४ किलो केली तर? सुटी संत्री ५७, ५८, ५९ चालतात, पण पूर्ण डझनात एकही उत्तर नाही. मुलगा असमानता बरोबर सोडवतो, उत्तराची पट्टीही काढतो, आणि ‘डझन’ शब्दाकडे परत पाहत नाही. चलाला कोणत्या किमती घेता येतात (पूर्ण संख्या, डझन, धन संख्या) हे पहिल्याच ओळीत, अक्षरासोबत लिहावे.

---

फुटाळा_काठ | रात्री ८:०२

सर, एक विचारतो. ‘१० किलोपेक्षा कमी नसावे’ यात ‘कमी’ शब्द आहे नं, मग काहून ≥? हाच प्रकार ‘किमान’ आणि ‘जास्तीत जास्त’ मध्ये होतो. ‘जास्तीत जास्त’ वाचले की हात आपोआप > कडे जातो.

---

आडवी_रेघ | रात्री ८:४०

कारण डोळा एका शब्दावर थांबतो आणि वाक्य तिथे संपलेले नसते. ‘कमी’ आणि ‘जास्त’ हे शब्द एकटे वाचायचेच नाहीत. त्यांच्या मागे-पुढे काय आहे ते पाहा. ‘नसावे’ आले की चिन्ह उलटते आणि सोबत बरोबरीची रेघही येते. ‘कमी नाही’ म्हणजे एकतर जास्त, नाहीतर तेवढेच.

चिन्ह ठरवायला दोन प्रश्न पुरतात. हा आकडा दारावरचा आहे. आत यायचे ते याच्या वरचे की खालचे? आणि बरोबर दारावर उभ्या असलेल्याला आत घ्यायचे का? ‘जास्तीत जास्त ४० प्रवासी’: ३९ चालतात, ४१ चालत नाहीत, म्हणून खालचे. ४० चालतात, म्हणून रेघ. प्र ≤ ४०.

किमान, कमीत कमी, निदान, ‘एवढे तरी’ हे सगळे ≥. जास्तीत जास्त, फार तर, ‘पर्यंत’, ‘पेक्षा अधिक नको’ हे सगळे ≤. ‘च्या वर’, ‘पेक्षा जास्त’, ‘ओलांडले’ यांना रेघ नाही. ‘च्या खाली’, ‘पेक्षा कमी’ यांनाही नाही. ‘५ ते ९’ मध्ये दोन्ही टोके धरतात. ‘५ आणि ९ च्या दरम्यानच्या पूर्ण संख्या’ म्हटले की गणितात ६, ७, ८ एवढ्याच.

आता याहून मोठी चूक. मराठीत एका ‘ने’ मुळे सगळा अर्थ पालटतो.

‘एक संख्या ३ पेक्षा जास्त आहे’: क्ष > ३. ही असमानता.
‘एका संख्येपेक्षा ३ ने जास्त’: क्ष + ३. ही नुसती राशी, यात तुलनेचे चिन्हच नाही.

‘तिपट ४ पेक्षा कमी’ म्हणजे ३क्ष < ४. ‘तिपटीपेक्षा ४ ने कमी’ म्हणजे ३क्ष − ४. आणि दोन्ही एकत्र आले की खरी परीक्षा: ‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी असलेली संख्या ११ पेक्षा जास्त, पण फार तर २६ आहे.’ इथे आधी ‘ने’ चा तुकडा शोधा, त्याची राशी करा, मग उरलेल्या ‘पेक्षा’ ला चिन्ह द्या:

११ < ३क्ष − ४ ≤ २६, म्हणजे १५ < ३क्ष ≤ ३०, म्हणजे ५ < क्ष ≤ १०.

डावीकडे रेघ नाही, उजवीकडे आहे. दोन्ही चिन्हे सारखीच असली पाहिजेत असा एक समज पसरलेला आहे, तो या उदाहरणाने मोडतो. दिशा मात्र सारखीच हवी. ११ < ३क्ष − ४ ≥ २६ असली साखळी लिहायची नसते.

---

तर्री_पोहे | रात्री ९:१०

आडवी_रेघ ताई, ‘च्या आत’ कुठे टाकायचे? ‘१० दिवसांच्या आत अर्ज करा’ यात दहावा दिवस धरतात. ‘शंभरच्या आत वस्तू आण’ म्हटले तर शंभराची वस्तू चालते की नाही यावर दोन लोकांची तीन मते.

---

आडवी_रेघ | रात्री ९:१८

म्हणूनच तो शब्द कोणत्याच गटात घातला नाही. प्रश्न काढणाऱ्याने तो वापरू नये. ‘१०० रुपये किंवा त्यापेक्षा कमी’ असे उघड लिहावे. सोडवणाऱ्याला तो भेटलाच, तर ‘१०० धरले आहेत’ अशी एक ओळ उत्तरात लिहून पुढे जावे.

---

तर्री_पोहे | रात्री ९:२६

पटले. वयाचाही असाच घोळ आहे. ‘१८ ते २५ वयोगट.’ व = पूर्ण झालेली वर्षे असे धरले तर १८ ≤ व ≤ २५, आणि व च्या किमती आठ. पण व = नेमके वय धरले, महिने-दिवसांसकट, तर १८ ≤ व < २६ लिहावे लागते. २५ वर्षे ३ महिन्यांची मुलगी लोकांच्या बोलण्यात पंचवीसचीच आहे. व ≤ २५ लिहिले की ती बाहेर पडते. दोन्ही मांडण्या त्याच माणसांना आत घेतात, फक्त व चा अर्थ वेगळा. पाटी_पेन्सिल सरांनी म्हटलेले ‘पूर्ण वाक्यात लिहा’ इथे कामी येते.

---

पाटी_पेन्सिल | रात्री ९:५०

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ज्याच्यासाठी धागा काढला तो हा.

सगळीकडे शिकवतात: वाक्यात ‘आणि’ असेल तर सामाईक भाग, ‘किंवा’ असेल तर दोन्ही भाग. हा नियम मराठी वाक्यावर सरळ लावला की फसतो. एसटीचे अर्धे तिकीट घ्या (महिलांची सवलत सध्या बाजूला ठेवू):

‘५ ते १२ वर्षांची मुले आणि ६५ ते ७५ वर्षांचे ज्येष्ठ नागरिक यांना अर्धे तिकीट.’

वाक्यात ‘आणि’ आहे. नियमाने सामाईक भाग काढला तर पाच ते बारा वर्षांचा ज्येष्ठ नागरिक शोधावा लागेल. बरोबर मांडणी, व = नेमके वय आणि १२ व ७५ पूर्ण झाले की ही सवलत संपते असे धरून:

५ ≤ व < १२ किंवा ६५ ≤ व < ७५

इथला ‘आणि’ माणसांचे दोन गट जोडतो, अटी जोडत नाही. म्हणून शब्द न पाहता एक माणूस उभा करा आणि विचारा: या एकट्याने दोन्ही अटी पाळायच्या आहेत की एक पाळली तरी काम होते? दोन्ही पाळायच्या असतील तर सामाईक भाग. एक पुरत असेल तर ‘किंवा’.

‘किंवा’ चेही तेच. ‘१० किलोपेक्षा हलकी किंवा १२ किलोपेक्षा जड पेटी घेतली जाणार नाही.’ वाक्यात ‘किंवा’ आहे, पण चालणाऱ्या पेटीसाठी १० ≤ प ≤ १२. ‘घेतली जाणार नाही’ या नकाराने दोन्ही चिन्हे उलटली, रेघा आल्या आणि ‘किंवा’ चा ‘आणि’ झाला. कोणाचे उत्तर मागितले आहे, चालणाऱ्या पेट्यांचे की परत जाणाऱ्या पेट्यांचे, ते ठरवल्याशिवाय चिन्ह लिहूच नये.

---

आडवी_रेघ | रात्री १०:०४

यासोबत एक जोडते. ‘किंवा’ वाली उत्तरे साखळीत लिहिता येत नाहीत. ‘१२ पेक्षा कमी किंवा ६५ पेक्षा जास्त’ याचे मुले ६५ < व < १२ करतात. ही साखळी वाचा: ६५ हा १२ पेक्षा लहान आहे म्हणते. साखळीची दोन टोके एकमेकांशी खरी आहेत का एवढे पाहिले तरी ही चूक तिथेच सापडते.

आणि संख्यारेषा काढाच. पाच संख्या तपासा: खालच्या सीमेच्या खालची, खालची सीमा, मधली, वरची सीमा, वरच्या सीमेच्या वरची. मूळ मराठी वाक्यात टाकून तपासायच्या, स्वतः लिहिलेल्या असमानतेत नव्हे. असमानताच चुकली असेल तर तिच्यात तपासून काय सापडणार?

---

अंबाझरी_ओव्हरफ्लो | रात्री १०:३५

ऋण सहगुणकाचे उदाहरण राहिले. आपल्याकडे ते उन्हाळ्यात घरोघरी चालू असते.

कूलरची टाकी ८० लिटरची, पूर्ण भरलेली. दर तासाला ५ लिटर पाणी जाते. पंप चालायला टाकीत किमान १५ लिटर पाणी हवे. भरताना दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर, एकदम ओतायचे आहेत आणि सांडू द्यायचे नाहीत. सुरू केल्यापासून किती तासांनी भरावे?

त = सुरू केल्यापासूनचे तास. उरलेले पाणी ८० − ५त. खालची सीमा दिलेली आहे, १५. वरची शोधावी लागते: ३० लिटर ओतल्यावर ८० च्या वर जाऊ नये, म्हणजे आधी फार तर ५०. उदाहरणातला दुसरा आकडा असा लपलेला असतो.

१५ ≤ ८० − ५त ≤ ५०
−६५ ≤ −५त ≤ −३०
−५ ने भागताना दोन्ही चिन्हे उलटतात: १३ ≥ त ≥ ६, म्हणजे ६ ≤ त ≤ १३.

रात्री ९ ला भरून लावला तर पहाटे ३ ते सकाळी १० च्या मधात.

चिन्ह उलटायचे विसरले तर १३ ≤ त ≤ ६ येते. ते अशक्य दिसते, म्हणून मुले आकड्यांची अदलाबदल करून टाकतात आणि उत्तर बरोबर येते. चूक झाकली जाते. ती ‘किंवा’ मध्ये उघडी पडते: ‘पाणी १५ पेक्षा कमी किंवा ५० पेक्षा जास्त केव्हा असते?’ बरोबर उत्तर त > १३ किंवा त < ६ (अर्थात त ऋण नाही, आणि १६ तासांनी टाकी रिकामी). चिन्ह न उलटता त < १३ किंवा त > ६ येते, म्हणजे प्रत्येक क्षणी! हे बघून तरी शंका यायला हवी.

---

कळमना_कट्टा | रात्री १०:५२

ऑटोच्या भाड्याचे उदाहरण हमखास चुकते, तेही इथे असू द्या. पहिल्या दीड किलोमीटरला २७ रुपये, पुढे दर किलोमीटरला १८. भाडे ८१ ते ११७ मध्ये बसवायचे तर किती लांब जाता येईल?

चुकीची मांडणी: ८१ ≤ २७ + १८क ≤ ११७, उत्तर ३ ते ५ किमी. हे दीड किलोमीटरनंतरचे अंतर झाले. क = एकूण अंतर असेल तर ८१ ≤ २७ + १८(क − १.५) ≤ ११७, उत्तर ४.५ ते ६.५. आकडेमोड दोन्हीकडे निर्दोष आहे, फरक फक्त क चा अर्थ काय यात.

---

फुटाळा_काठ | रात्री ११:१५

सर, हे एक बघता का? चार चाचण्यांत ५८, ६२, ७१, ४९. पाचही चाचण्यांची सरासरी किमान ६० आणि ७५ पेक्षा कमी यायला पाचवीत किती गुण हवेत? माझे उत्तर ६० ≤ ग < १३५ आले. चाचणी १०० गुणांची आहे.

---

पाटी_पेन्सिल | रात्री ११:२४

मांडणी बरोबर: ६० ≤ (२४० + ग)/५ < ७५. सोडवणेही बरोबर. पण ० ≤ ग ≤ १०० ही तिसरी अट प्रश्नातच आहे. तिच्याशी सामाईक भाग घ्या: ६० ≤ ग ≤ १००. ७५ ची अट इथे काहीच कापत नाही. शंभरपैकी शंभर मिळाले तरी सरासरी ६८. असे झाले की ‘ही अट आपोआप पाळली जाते’ असे लिहावे, गप्प राहू नये.

---

अंबाझरी_ओव्हरफ्लो | सकाळी ८:२०

चल छेदात असलेले एक घ्या. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. न थांबता, सरासरी वेग ताशी ८० ते १०० किमी ठेवला तर किती वेळ लागेल?

त = तास, धन. वेग ७०१/त.

८० ≤ ७०१/त ≤ १००

सगळे भाग धन आहेत, म्हणून उलटे केले की दोन्ही चिन्हे फिरतात: १/१०० ≤ त/७०१ ≤ १/८०, म्हणजे ७.०१ ≤ त ≤ ८.७६२५. वेग वाढला की वेळ घटतो, त्याचेच हे गणिती रूप. इथे दशांश तासांचे मिनिटे करताना घात होतो: ८.७६ म्हणजे ८ तास ७६ मिनिटे नव्हे. ०.७६२५ × ६० = ४५.७५ मिनिटे. ७.०१ म्हणजे ७ तास ३६ सेकंद. पूर्ण मिनिटांत: ७ तास १ मिनिट ते ८ तास ४५ मिनिटे.

सगळे भाग धन नसतील तर हे उलटे करणे चालत नाही. −२ < १/क्ष < ३ याचे उत्तर क्ष < −१/२ किंवा क्ष > १/३ असे दोन तुकड्यांत येते. तिथे धन आणि ऋण क्ष वेगवेगळे घेऊनच सोडवावे.

---

तर्री_पोहे | सकाळी ८:४१

थोडे अवांतर: < आणि > ही चिन्हे पहिल्यांदा छापली गेली १६३१ मध्ये, इंग्रज गणिती टॉमस हॅरियटच्या पुस्तकात, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. रेघेसकटची चिन्हे नंतरची.

---

फुटाळा_काठ | सकाळी ९:०३

मी एक मांडून पाहतो, तपासा. ‘२ अंश सेल्सियसपेक्षा कमी किंवा ८ अंशांपेक्षा जास्त तापमानात राहिलेली लस वापरू नये. तापमापक फॅरनहाइटचा आहे आणि फक्त पूर्ण अंश दाखवतो. कोणते आकडे चालतील?’

नकार आहे, म्हणून चालणारे तापमान २ ≤ से ≤ ८. फ = ९से/५ + ३२. तिन्ही भागांना ९/५ ने गुणून ३२ मिळवले: ३५.६ ≤ फ ≤ ४६.४. पूर्ण अंश आत सरकवून: ३६ ते ४६.

---

आडवी_रेघ | सकाळी ९:२२

छान मांडले. एकच पाहा. तापमापक जवळचा पूर्ण अंश दाखवत असेल, तर ३६ दिसताना खरे तापमान ३५.५ ही असू शकते, आणि ते ३५.६ च्या खाली आहे. म्हणजे दिसणारा आकडा आणि खरे तापमान यांना दोन वेगळी अक्षरे हवीत. द = दिसणारा आकडा; खरे तापमान द − ०.५ ते द + ०.५ मध्ये कुठेही. दोन्ही टोके आत हवीत:

द − ०.५ ≥ ३५.६ आणि द + ०.५ ≤ ४६.४
३६.१ ≤ द ≤ ४५.९

---

फुटाळा_काठ | सकाळी ९:३०

म्हणजे ३७ ते ४५. ३६ आणि ४६ दिसले तर खात्री देता येत नाही. आणि हा ‘आणि’ खरोखरचा आहे, एकाच द ने दोन्ही अटी पाळायच्या आहेत.

---

आडवी_रेघ | सकाळी ९:३३

हो जी.